अनुभव धागा: रविवार संपल्यावरची उपासना

सदरची_लेक
आज उपासनेत रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय वाचला. आपलं शरीरच जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्या, तो भाग. पाळकसाहेब पुढे काय बोलले ते माझ्या कानावरून गेलं. माझं डोकं घरच्या ओट्यावर अडकलं होतं.

तिथे एक कप आहे. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. आमच्यापैकी कोणीच त्यातून पीत नाही. तो कामवाल्या मावशींचा. कधी ठरलं, कोणी ठरवलं, काही आठवत नाही.

आणि आई आठवली. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, झालं की त्या बोटाएवढ्या काचेच्या पेल्या धुवायचं काम तिच्याकडे असायचं. कोमट पाणी, जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि एकेक पेली खिडकीच्या उजेडात धरून बघायची. घरी झाडूवाली यायची, तिचा कपही ती तसाच उजेडात धरायची. तो आमच्याच सहातला असायचा. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "वेगळा ठेवा ना एखादा." आई म्हणाली, "आमच्याकडे टेबल एकच आहे." घरात टेबल नव्हतंच हो, आम्ही खाली बसून जेवायचो.

तुमच्याकडे चर्चच्या दाराबाहेरची उपासना कशी होती, कशी आहे? वचनं नकोत, प्रसंग लिहा.

कूलरवाला_भाऊ
ताई, नवतपा सुरू आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, दिवसाला पंधरा घरं करून राहिलो. चर्चमंदी गेलो नाही तीन रविवार, आई रोज बोलून राहिली. पण सांगतो. लोक फोन करते की पंप जळला. खोलून पाहा तर नुसता गाळ बसला असते. गाळ काढला की चालू. नवीन पंप टाकला म्हटलं तर कोणाला समजणार आहे? माणसांसाठी नाही, प्रभूसाठी करा, हे संडे स्कूलमंदी पाठ केलं होतं. तेव्हा कंपासपेटी भेटली होती बक्षीस. आता दर सीझनला त्याचे पैसे वसूल होऊन राहिले माझ्याकडून 😀

धंतोलीकर
भाऊ, आमच्याकडे याल का? टाकी खालून गळते आहे.

कूलरवाला_भाऊ
पत्रा सडला असेल. पाणी काढा, टाकी सुकू द्या, आतून डांबर मारा. नाहीच जमलं तर येतो बुधवारी.

रात्रपाळी
मी नर्स. रविवार माझा कधीच नसतो. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुते तेव्हा मनात अख्खी प्रभूची प्रार्थना म्हणते. घाई न करता म्हटली की हातही नीट धुतले जातात. 'आमची रोजची भाकर' येईपर्यंत अंगठे झालेले असतात. एकदा नवीन मुलगी म्हणाली, सिस्टर तुम्ही नळाशी बोलता का? बेल वाजली, जाते.

जुना_हिस्लॉपियन
मी सत्तरी ओलांडलेला आहे, लांबण लागली तर माफ करा. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते आपल्या नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७०ला. मला वडिलांनी नेलं होतं. मला आठवते ती गर्दी, आणि वडिलांच्या खिशातली संत्री. पण मुद्दा वेगळा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे १८४५ला आले. प्रवचनं केली, शाळा चालवल्या, आणि हातोडा घेऊन दगडही फोडत हिंडले. नागपूरच्या भूगर्भावर लिहिलं, एका खनिजाला त्यांचं नाव आहे, हिस्लोपाइट. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परत येताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. दगड बघणं ही त्यांची उपासनाच होती असं मला वाटतं. पाळकांना पटत नाही.

बॅकबेंचर_९८
काका, तीन वर्षं हिस्लॉप कॉलेजात काढली. आमच्या उपासनेचं ठिकाण कँटीन होतं.

नाव_नको
सगळे गोड लिहून राहिले म्हणून लिहितो. आमचे बाबा प्रार्थना सांगायला उभे राहिले की बायकांच्या डोळ्यात पाणी यायचं. घरी भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. आई भिंत पुसायची आणि रविवारी त्यांचा शर्ट इस्त्री करायची. मी अजूनही लांब प्रार्थना ऐकली की दाराजवळ जाऊन उभा राहतो. चर्च सोडलं नाही. भाजी मात्र घरी मीच करतो.

रात्रपाळी
भाऊ, वाचलं. एवढंच.

सदरची_लेक
लिहिलंत ते बरं केलंत.

इंदोरा_चौक
मी बौद्ध, चालेल ना? दसऱ्याला दीक्षाभूमीवर दूरदूरहून लोक येतात, काहीजण पायी. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती आजी होत्या, त्या दिवशी घरासमोर माठ ठेवायच्या, लाल कापड गुंडाळून. पाणी स्वतः ओतून द्यायच्या. माझी आजी म्हणायची, तिच्या काळात वरून ओंजळीत पाणी ओतायचे लोक. ह्या बाई हातात पेला देतात. मग दोघी ओसरीवर बसून पुडाच्या वडीवरून भांडायच्या, सांबार जास्त की कमी.

धंतोलीकर
सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याचे कोणी वाचत असतील तर.

बॅकबेंचर_९८
आता भूक लागली ना यार.

महिला_मंडळ_चिटणीस
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. गीतांच्या जुन्या पुस्तकाच्या जास्तीच्या प्रती कोणाकडे असतील तर कळवा, नव्या छपाईचं अक्षर आमच्या वयाला झेपत नाही. विषय छान आहे, पण उपासनेलाही या हो. घरी उपासना होते म्हणून अर्धी बाकं रिकामी असतात.

कूलरवाला_भाऊ
काकू माझ्याकडेच पाहून बोलून राहिल्या वाटते 🙏 पाऊस पडला की आलोच.

सदरची_लेक
सोमवारचं सांगते. तो निळा कप सकाळीच फेकला. मावशी आल्या, त्यांना आमच्या सेटमधल्या कपात चहा दिला आणि जरा मोठं भाषणही दिलं, माझं चुकलं वगैरे. त्यांनी कप फिरवून पाहिला. म्हणाल्या, "ते ठीक आहे बाई, पण याच्यात चहा किती मावते? माझा मोठा होता." आता उद्या सीताबर्डीला जाऊन मोठे कप आणते. सहा.

धंतोलीकर
डांबर कुठे मिळेल?