शब्दचर्चा: सॉफ्टवेअर 'टाकायचं' की 'बसवायचं'? (आणि जाता जाता 'पुंज')

(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून दिली आहेत.)

जळगाव: क्वांटम भौतिकीची सोपी ओळख करून देणारा प्रोग्रॅम शाळांच्या संगणकांसाठी तयार होतोय. इन्स्टॉलरचा पडदा मराठीत हवा. 'इन्स्टॉल'ला काय लिहावं? 'प्रतिष्ठापना' लिहिलं तर मुलं गणपती शोधतील.

भुसावळ: भाऊ, आपल्याकडे सगळे 'टाकणे'च म्हणतात. अहिराणीत तर सरळ 'टाकी दे'. तेच ठेवा.

धुळे: बोलायला ठीक, पण क्रिया दोन आहेत. बोअरमध्ये मोटार टाकतात, स्टार्टर मात्र बसवतात. झिप उघडून फोल्डर कॉपी केलं की प्रोग्रॅम 'टाकला'. फोल्डर उडवलं की विषय संपला. इन्स्टॉलर फाइली ठेवतो, रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) नोंद करतो, स्टार्ट मेनूत शॉर्टकट देतो आणि हे सगळं उलटं फिरवायची सोयही मागे ठेवतो. हे 'बसवणं'. बसवलेलं 'काढायचं' असतं. नुसतं फोल्डर डिलीट केलं तर प्रोग्रॅमच्या यादीत मेलेली नोंद तशीच राहते.

जळगाव: पटलं. साधन कोणतं घ्यावं?

धुळे: पाच-पंचवीस संगणक असतील तर इनो सेटअप हे इन्स्टॉलर तयार करायचं साधन. त्यातली 'अ‍ॅपआयडी' (प्रोग्रॅमची ओळखखूण) एकदा ठरली की पुढच्या आवृत्तीत हात लावू नका. बदलली तर यादीत एकाच प्रोग्रॅमच्या दोन नोंदी दिसतात. अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाताशी नसेल तर 'प्रिव्हिलेजेस रिक्वायर्ड' ही ओळ 'लोएस्ट' करा, म्हणजे त्या वापरकर्त्यापुरतं बसतं. एनएसआयएस या दुसऱ्या साधनाची जुनी आवृत्ती घेतलीत तर स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'युनिकोड ट्रू' लिहा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. डोमेनमधल्या (एका सर्व्हरखाली जोडलेल्या) सगळ्या संगणकांवर ग्रुप पॉलिसीने, म्हणजे एका जागेवरून हुकूम देऊन, बसवायचं असेल तर एमएसआय ही विंडोजची इन्स्टॉलर फाइल लागते, ती विक्स या साधनातून करा. तिथे आवृत्तीचे पहिले तीनच आकडे तुलनेत धरतात: १.२.३.४ चं १.२.३.५ केलं तर विंडोजच्या लेखी काहीच बदललं नाही.

नंदुरबार: आणि आतल्या मजकुरात ऊर्जेच्या न तुटणाऱ्या छोट्यात छोट्या हिश्शाला 'क्वांटम' म्हणायचं की 'पुंज'? पुंज म्हणजे ढीग, रास. लॅटिन क्वांटमचा अर्थ 'किती'. मुलांना वाटेल ऊर्जेचे ढीग पडलेत.

जळगाव: केळीचं उदाहरण दिलं तर? दुकानदार अर्धं केळं विकत नाही, तसा अर्धा पुंज मिळत नाही.

नंदुरबार: तिथपर्यंत चालेल. पुढे फसतं, कारण पुंजाचं माप वारंवारतेवर ठरतं. तरंगलांबी जास्त तर वारंवारता कमी: ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाचा पुंज सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) इतका, ४०० च्या जांभळ्याचा ३.१ चा. लाल कितीही प्रखर केला तरी एकेक पुंज तेवढाच राहतो, फक्त संख्या वाढते. ही ओळ केळ्यांच्या लगेच खाली हवीच.

भुसावळ: मग 'पुंज' सोडूनच द्या की.

नंदुरबार: नको. मराठी विश्वकोशात नोंद 'पुंज सिद्धांत' या नावाने आहे. मुलगा 'क्वांटम' शोधत बसला तर ती त्याला सापडायची नाही. शीर्षकात 'क्वांटम', पहिल्या परिच्छेदात 'म्हणजेच पुंज'.

जळगाव: ठरलं. बटणं 'बसवा' आणि 'काढा'. डाउनलोडला 'उतरवून घ्या'.