एका पडण्यात पावणेनऊ गुण कसे गेले?

बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये पडल्याबद्दल एकच गुण वजा होतो, मग ज्युनिअर गटात एका उडीवर पडलेली मुलगी एवढी मागे कशी गेली, असं मडगावच्या पालकांनी विचारलंय. वजा झालेला गुण ही त्यातली सर्वांत छोटी गोष्ट.

ती पडली ट्रिपल लुट्झवर, म्हणजे हवेत तीन फेऱ्या घ्यायच्या उडीवर. २०१८ नंतरच्या गुणतक्त्यात तिची मूळ किंमत ५.९० आहे. पाव फेरीपेक्षा जास्त, पण अर्ध्या फेरीपेक्षा कमी अपुरी राहिली की '<' खूण लागते आणि ८० टक्केच उरतात, म्हणजे ४.७२. त्यात पडली, म्हणून उडीच्या दर्जासाठी परीक्षकांचे उणे ५. प्रत्येक पायरी १० टक्क्यांची, तेव्हा २.३६ गेले. वर पडण्याचा १. हाती आले १.३६! शिवाय तिला लागूनच घ्यायची तीन फेऱ्यांची दुसरी उडी, ट्रिपल टो (४.२०), राहूनच गेली. म्हणजे दोन्ही उड्यांच्या १०.१० मधून एकूण फटका ८.७४.

खरं दुखणं त्या अपुऱ्या फेरीत आहे. नीट उतरली असती तरी उडीची किंमत कापली गेलीच असती. लुट्झ घेताना बुटाच्या पात्याची बाहेरची कड शेवटपर्यंत टिकली का, हेही रिप्लेत बघा.

म्हापशात चाकांवर, म्हणजे रोलर स्केटिंग, शिकणाऱ्यांनी हे आकडे लावू नयेत. तिथे रोलआर्ट ही वेगळी गुणपद्धत, दर्जाची पट्टी उणे ३ ते अधिक ३.