बंदरात दहा तास, गावात किती?

बी-२०३ : नमस्कार सोसायटीतल्या मंडळींना. मे महिन्याच्या सुट्टीत क्रूझ ठरवतोय, अजून पैसे भरलेले नाहीत. पर्याय दोन आहेत. पहिला सिंगापूरहून ४ रात्रींचा : पोर्ट क्लांग सकाळी ८ ते संध्याकाळी ५, फुकेत सकाळी १० ते रात्री ८. दुसरा बार्सिलोनाहून ७ रात्रींचा : मार्सेय, जेनोवा, लिव्होर्नो ८ ते ६, चिवितावेक्किया ७ ते ७, नेपल्स. पत्रकावर मात्र ठळक अक्षरात क्वालालंपूर, फ्लोरेन्स, रोम असंच आहे. एवढ्या वेळात ही गावं बघून होतात का? बरोबर आई-बाबा आणि ११ वर्षांचा मुलगा. आईचे गुडघे दुखतात.

ए-५०१ : ठळक अक्षर सोडा दादा, त्याच्या खालचं बारीक वाचा. फ्लोरेन्सला समुद्रच नाही. जहाज लिव्होर्नोला लागतं, तिथून फ्लोरेन्स सुमारे ९० किमी. आपल्या बडोद्याहून केवडियाला जाऊन पुतळा बघून परत येण्याइतकं अंतर झालं हे, आणि परतीच्या वेळेला दरवाजा बंद होणार असं धरून जायचं. चिवितावेक्किया ते रोमही ७०-८० किमी, म्हणजे बडोदा-भरूच. बँकॉक छापतात तेव्हा जहाज लाएम चाबांगला असतं, सव्वाशे किलोमीटरवर. पॅरिस म्हणजे ल हाव्र. बर्लिन म्हणजे वार्नेम्युंडे, तिथून नुसतं जायला तीन तास.

बी-६०४ : म्हणजे क्रूझवाले फसवतात?

ए-५०१ : फसवत नाहीत, बंदराचं नाव लिहितात. आपण वाचत नाही.

सी-१०४ : जहाजाच्या बाजूने सांगतो. ८ ते ६ ही जहाजाची वेळ आहे, प्रवाशाची नाही. ८ वाजता जहाज धक्क्याला लागतं. मग दोर बांधायचे, गँगवे म्हणजे उतरायचा जिना लावायचा, तिथले अधिकारी कागद बघून मंजुरी देणार, तेव्हा माणसं उतरणार. वीस मिनिटांत होतं, कधी पाऊण तास जातो. संध्याकाळी ६ म्हणजे दोर सुटण्याची वेळ. 'ऑल अबोर्ड', म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत असायची वेळ, त्याच्या अर्धा तास आधी, काही कंपन्यांत एक तास. हा आकडा रोजच्या पत्रकात छापतात आणि गँगवेपाशी फळ्यावरही लावतात. हिशेब त्याच आकड्यावरून करा.

डी-३०२ : आणि हिशेब उलटा करायचा, शेवटाकडून. लिव्होर्नो घेऊ या. ऑल अबोर्ड ५.३०. बाहेरच्या वाहनाने येणार असाल तर दीड तास हाताशी ठेवायचा, म्हणजे ४ ला गँगवेवर. बंदर मालवाहू आहे, आत पायी फिरू देत नाहीत, त्यामुळे शटल बसने गावात आणि तिथून दुसऱ्या बसने स्टेशनवर. रांगा धरून एक तास. म्हणजे परतताना ३ ला लिव्होर्नो स्टेशनवर पोचलं पाहिजे. फ्लोरेन्सहून गाडीला साधारण दीड तास, म्हणजे तिथून १.३० ला निघा. आता पुढून बघा : ८.४५ ला उतरलात, ९.४५ ला स्टेशन, ११.१५ ला फ्लोरेन्स. हातात सव्वादोन तास राहिले, त्यातच जेवण.

बी-२०३ : दहा तासांतले सव्वादोन?!

डी-३०२ : हो, आणि एक गाडी चुकली तर तेही नाहीत. त्याच दिवशी पिसा करा. लिव्होर्नोहून गाडीने वीसेक मिनिटं. पिसा स्टेशनपासून मनोऱ्यापर्यंत पायी पंचवीस मिनिटं, काकूंसाठी बस किंवा टॅक्सी. त्याच हिशेबाने साडेदहा ते सव्वादोन, पावणेचार तास मिळतात. मनोरा, कॅथेड्रल, हिरवळीवर बसणं, निवांत होतं. मनोऱ्यावर चढायच्या भानगडीत काकूंनी पडू नये, लिफ्ट नाही.

ए-५०१ : फ्लोरेन्स बघायचंच असेल तर जहाजाची सहल घ्या. महाग पडते, पण धक्क्यावरच बस उभी असते, त्यामुळे शटल आणि स्टेशनचे दोन्हीकडचे मिळून दोन तास वाचतात. आणि मुख्य म्हणजे त्यांची स्वतःची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही.

डी-३०२ : मान्य, पण सहलीचे सात तास लिहिले असले तरी ते गावातले नसतात. आधी जहाजावरच्या थिएटरात जमायचं, नंबराचं स्टिकर लावायचं, चाळीस-पन्नास माणसं मोजायची. मोठ्या बसगाड्या फ्लोरेन्सच्या जुन्या भागात जात नाहीत, बाहेर उतरवतात. पुढे पायीच, आणि गाइडच्या वेगाने. गुडघ्यांचं बघा. माहितीत 'मोकळा वेळ' किती मिनिटं आणि दुकानभेट आहे का, या दोन ओळी शोधा. चामड्याच्या दुकानात गेलेली पस्तीस मिनिटं तुमच्याच खात्यातली.

सी-१०४ : तुमचं दोघींचं भांडण मिटवतो. धक्क्यापासून गाव तासाभरापेक्षा लांब आणि बरोबर वयस्कर, तर जहाजाची सहल. गाव धक्क्याला लागून, तर आपलं आपण.

ए-५०१ : हे बरोबर काका. जेनोवाला स्वतः फिरा, टर्मिनलपासून प्रिंचिपे स्टेशन चालत दहा मिनिटं, जुनं गाव तिथूनच सुरू होतं. नेपल्सलाही टर्मिनलच्या समोरच किल्ला आणि चौक. पोंपेई, म्हणजे ज्वालामुखीत गाडलं गेलेलं जुनं शहर, करायचं तर चिर्कुमव्हेसुव्हियाना गाडी, पोंपेई स्कावीपर्यंत ३५-४० मिनिटं, अवशेषांचं दार स्टेशनसमोरच. गाडीला गर्दी असते आणि खिसेकापू असतात, पासपोर्ट मागच्या खिशात नको. पण पोंपेईचे रस्ते म्हणजे मोठाले उंचसखल दगड, सावली जवळजवळ नाही. आई-बाबांना दोन तासांच्या वर नको.

मार्सेयला फसू नका हं. नकाशात टर्मिनल गावातच दिसतं, प्रत्यक्षात जुनं बंदर आठ-दहा किमीवर.

बी-२०३ : रोमचे बारा तास तरी पुरतील ना?

डी-३०२ : तोच हिशेब. ७ ला लागलं, ७.४५ ला उतरलात. बंदराची बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत, तिथून स्टेशन पायी पंधरा-वीस मिनिटं किंवा गावची बस. ८.३० ची गाडी धरली तर रोमच्या, व्हॅटिकनजवळच्या सान पिएत्रो स्टेशनवर ९.३० च्या सुमारास. परत : ऑल अबोर्ड ६.३०, ५ ला गँगवे, ४.१५ ला चिवितावेक्किया स्टेशन, रोमहून ३.१५ ची गाडी. पावणेसहा तास मिळतात. जेवण-रांगा वजा जाता साडेचार धरा. त्यात व्हॅटिकन किंवा कोलोसियम, एकच. दोन्ही केलं तर दोन्हींच्या रांगाच बघून याल.

कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा, नाहीतर दंड.

सी-१०४ : इटलीत रेल्वेचा संप असला तर? वर्षात बरेचदा असतो.

डी-३०२ : आधी जाहीर होतो, त्यामुळे आठवडाभर आधीपासून 'शोपेरो' (sciopero, इटालियनमध्ये संप) हा शब्द घालून शोधत राहा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या गाड्या धावतात. गोम इथेच आहे. सकाळी तुम्ही आरामात रोमला पोचाल आणि दुपारी ३ ला परतायला गाडीच नसेल. संपाच्या दिवशी रोमला गाडीने जायचंच नाही.

बी-६०४ : आमच्याकडे एसटी बंद तर जीप मिळते, तसं काही नाही का?

डी-३०२ : टॅक्सी आहे, दादा. चौघांचं भाडं ऐकून जीप आठवेल.

बी-२०३ : बरं, मग सिंगापूरवाली? ती स्वस्तही आहे आणि आईला जेवणही जमेल.

ए-५०१ : पोर्ट क्लांगचं क्रूझ टर्मिनल पुलाऊ इंदाह बेटावर आहे, आजूबाजूला गोदामं. रेल्वे स्टेशन चालत जाण्यासारखं नाही. क्वालालंपूरला मोटारीने सव्वा ते दीड तास. ९ ला टर्मिनलबाहेर, १०.१५ ला शहरात. सगळा प्रवास रस्त्याचा, म्हणून इथे दीड नाही, दोन तास हाताशी. ऑल अबोर्ड ४.३०, म्हणजे २.३० ला टर्मिनल, शहरातून १ ला निघायचं. पावणेतीन तास. ट्विन टॉवर खालून बघणं, बाजूची बाग, जेवण. एवढंच. बाटू केव्ह्ज शहराच्या उत्तरेला, वर २७२ पायऱ्या. मुरुगनची मूर्ती मात्र खालूनच दिसते. टॉवर आणि बाटू दोन्ही एकत्र करून देतो म्हणणारा भेटेलच, त्याला ऑल अबोर्डची वेळ सांगा आणि तोंड बघा.

फेरीत पोर्ट क्लांगऐवजी पेनांग असलेली तारीख मिळाली तर ती घ्या. स्वेटनहॅम पिअर जॉर्जटाऊनला चिकटूनच आहे. किल्ला, लिटल इंडिया, जुनी घरं, सगळं पायी किंवा सायकल रिक्षाने. आठ तासांत सहा-साडेसहा तास खरोखर तुमचे.

सी-१०४ : फुकेतबद्दल काळजी वेगळी. बहुतेक जहाजं पाटोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभी राहतात, धक्का नाही. छोट्या बोटीतून, म्हणजे टेंडरने किनाऱ्यावर जायचं. पहिल्या बोटी सहलीवाल्यांना, मग बाकीचे नंबराने. १० ला नांगर टाकला तर पाय जमिनीवर ११.३० ला धरा. परतीची शेवटची बोट जहाज निघण्याच्या खूप आधी सुटते, ती वेळ फळ्यावर वेगळी लिहितात. दुपारी उशिरा सगळेच परततात, रांग उन्हात.

दुसरं, मे महिना. फुकेतचा पश्चिम किनारा मेपासून ऑक्टोबरपर्यंत नैऋत्य मान्सूनच्या तोंडावर असतो. लाट उठली की टेंडर बंद, आणि कॅप्टन बंदर वगळून पुढे जातो. तसा हक्क त्याला तिकिटाच्या अटींतच असतो. भाडं परत मिळत नाही, फार तर बंदराचा कर मिळतो. आणि लाट बेताची असली तरी जहाज आणि बोट वेगवेगळी हलतात, मधलं पाऊल नेमकं ठेवावं लागतं. खलाशी हात देतात, पण गुडघ्याला अवघडच.

बी-२०३ : हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सी-१०४ : प्रवासक्रमात बंदराच्या नावापुढे नांगराचं चिन्ह किंवा 'टेंडर' शब्द आहे का बघा. ग्रीसचं सँटोरिनी तसंच. तिथे तर बोटीतून उतरल्यावर गाव कड्याच्या माथ्यावर. केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या, नाहीतर गाढव. तीन-चार जहाजं एकदम आली की केबल कारची रांग म्हणजे नवरात्रातला पावागढचा उडनखटोला.

डी-३०२ : म्हणूनच त्या दिवशी बंदरात किती जहाजं लागणार हे आधी बघायचं. बऱ्याच बंदरांच्या संकेतस्थळांवर वेळापत्रक असतं.

बी-६०४ : घड्याळाचा काय प्रकार असतो? थायलंड एक तास मागे आहे ना?

सी-१०४ : चांगलं विचारलंत. सिंगापूर-मलेशियाची वेळ एक, थायलंड एक तास मागे. जहाज घड्याळ बदलेल किंवा सिंगापूरचीच वेळ ठेवेल, ते आदल्या रात्रीच्या पत्रकात असतं. मोबाइल मात्र किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपणहून तास मागे जातो. तुम्हाला वाटतं ६ वाजलेत, जहाजावर ७. मोबाइलची आपोआप वेळ बंद करा आणि एकाच्या मनगटावर साधं काट्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा.

ए-५०१ : तरी चुकलंच तर रोजच्या पत्रकाच्या तळाशी बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. सकाळी उतरताना त्याचा फोटो काढा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला, म्हणून पासपोर्टची प्रत आणि कार्ड जवळ हवं. व्हिसाचंही बघा : फेरी तुर्कस्तानला जाऊन परत येणारी असेल तर शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाची, मल्टिपल एंट्री लागते. तुमच्या फेरीत सगळी बंदरं शेंगेनमधलीच आहेत. सिंगापूरवाली घेतलीत तर परत येताना सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पुन्हा भरायचं, बरेच जण विसरतात.

बी-२०३ : मे आणि आईचे गुडघे बघता फुकेत नको. बार्सिलोनावाली घेतो. लिव्होर्नोला पिसा, नेपल्सला पोंपेई दोन तास, रोमला व्हॅटिकन. आत्ता बघितलं, चिवितावेक्किया बुधवारी येतंय.

ए-५०१ : अरेरे. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते, व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये दुपारपर्यंत पर्यटकांना सहसा सोडत नाहीत. तुमचा नेमका तोच वेळ.

बी-२०३ : मग पुढच्या आठवड्याची तारीख घेतो.

डी-३०२ : उपयोग नाही. सात रात्रींची फेरी दर आठवड्याला तीच असते, म्हणजे बंदराचा वारही तोच. त्या जहाजाचं रोम पूर्ण मोसमभर बुधवारीच. वार बदलायचा तर जहाज बदला. अशानेच रविवारवाल्यांचं व्हॅटिकन म्युझियम जातं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बंद. सोमवारवाल्यांची फ्लोरेन्सची उफ्फीझी ही चित्रांची गॅलरी जाते.

बुधवारी कोलोसियम करा. त्याच गाडीने सान पिएत्रोला न उतरता पुढे ओस्तिएन्सेपर्यंत जा. तिथे लागूनच पिरामिदे मेट्रो, बी लाइनने दुसरा थांबा कोलोसेओ, बाहेर पडलात की समोर. ११ ची वेळ घ्या, १० ची नको, गाडी उशिरा आली तर तिकीट वाया. आत लिफ्ट आहे. ओस्तिएन्सेहून ३ च्या आसपासची परतीची गाडी.

बी-२०३ : तिकीट कधी काढू?

डी-३०२ : अधिकृत साइटवर साधारण ३० दिवस आधी खुलतं, मेच्या तारखा भराभर संपतात. तिकीट नावानिशी असतं, पासपोर्टवर आहेत तशीच पूर्ण नावं टाका. मुलाचं मोफत आहे, पण तेही काढावंच लागतं.

बी-६०४ : आणि थेपले?

ए-५०१ : घरून नेलेले बंद पाकिटातले विमानात आणि केबिनमध्ये चालतील, दही-दूध घातलेले युरोपात नको. जहाजावरच्या बुफेतलं मात्र पिशवीत भरून खाली उतरू नका, गँगवेवर काढून घेतात.