आईवडिलांचं घर विकून दोन फ्लॅट घ्या म्हणणाऱ्यांना उत्तर

त्रिमूर्तीनगरची सून
परवा इथं, आपल्या नागपूरच्या ग्रुपवर, एकानं लिहिलं की आईवडिलांचं घर विका, एकाच स्कीममध्ये दोन 2 बीएचके घ्या, एकात म्हातारे, एकात तुम्ही, तीन पिढ्या एका घरात म्हणजे भावनेपायी पैसा अडकवणं. वाचून डोकं सटकलं. आमच्याकडे खाली सासू-सासरे, वर आम्ही, जिना बाहेरून, स्वयंपाकघरं दोन. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा रात्री त्यांचा आवाज ऐकू आला कारण मधे फक्त एक स्लॅब होता. आणि जुनं घर विकून दोन फ्लॅट येतात कुठं? शहराच्या टोकाला, बेसा-बेलतरोडीच्याही पुढं. सासूबाईंचा डॉक्टर, देऊळ, भाजीवाली सगळं इथं चालत्या अंतरावर आहे, त्यांना तिकडं नेऊन बाल्कनीत बसवायचं का?

विकून मोकळा
ताई, तुमचा जिना बाहेरून आहे म्हणून तुम्ही बोलून राहिल्या. आमचं महालातलं घर या एकदा पाहायला, म्हणजे आता पाडलं ते, पण संडास अंगणाच्या टोकाला होता, आईचे गुडघे गेलेले, पावसाळ्यात शेवाळावरून हात धरून न्यावं लागे. मे महिन्यात पारा 45 वर, वरच्या खोलीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला, कूलर गरम हवाच फेकते. विकलं, मनीषनगरला एकाच माळ्यावर समोरासमोर दोन फ्लॅट घेतले. आई स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावते. तिला एवढं खुश मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

अंबाझरीकर
म्हाताऱ्यांना खालीच ठेवा म्हणणाऱ्यांनी 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, डागा ले-आउट, अंबाझरी ले-आउट पाण्यात. माझी मामी पलंगावर उभी होती अन् फ्रिज तरंगत होता. घर घेताना नाल्याकडं कोणी पाहत नाही, वास्तू मात्र सगळे पाहतात.

माहेरवाशीण
@विकून मोकळा, विकलं म्हणता, बहिणींना विचारलं होतं का? माझ्या भावानं रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी फोन केला, "सही करायला ये, तुझ्यासाठी साडी घेऊन ठेवली." हक्कसोडपत्र टाइप करून तयारच होतं.

विकून मोकळा
आता हे कुठून आलं? बहिणीच्या लग्नात बाबांनी पीएफ मोडला. दवाखान्यात रात्री जागलं कोण? दिवाळीत दोन दिवस येऊन वाटा मागायचा हे बरोबर नाही.

माहेरवाशीण
जागली तुमची बायको असेल, तिचंही नाव नसेल त्या फ्लॅटवर.

कोर्टातला माणूस
भांडा खुशाल, पण कायदा नीट माहीत असू द्या. बाबांनी स्वतःच्या कमाईचं घर घेतलं अन् मृत्युपत्र केलं नाही, तर आई, मुलगे, मुली सारखे वारस, हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनचं आहे. राहत्या घरात मात्र भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला ती मागता येत नसे, ते कलम 2005 ला काढलं. सही ही मेहेरबानी नाही, लग्नाच्या खर्चानं वाटा फिटत नाही. दुसरं, आईकडून बक्षीसपत्र. राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र, अधिभार वेगळे, म्हणून लोक घाईनं उरकून टाकतात. सांभाळ करण्याची अट त्यात लिहूनच घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं, सांभाळलं नाही तर आईला ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की तिचे हाल होतात.

त्रिमूर्तीनगरची सून
विषय घराचा होता अन् तुम्ही वाटणीवर नेला, पण ठीक आहे, निघालाच आहे तर @विकून मोकळा, आईचा फ्लॅट आईच्या नावावर आहे का?

विकून मोकळा
लोन माझं आहे म्हणून दोन्ही माझ्या नावावर आहेत. घरात आईचा वाटा होता हे मान्य, तिचं नाव लावायला हवं होतं, बँकेत विचारतो. बहिणींचं मी पाहून घेईन, इथं सांगायची गरज नाही. अन् संडास अंगणात असलेलं घर तीन पिढ्यांचं नसतंच, यावर मी ठाम आहे.

त्रिमूर्तीनगरची सून
ते मलाही मान्य. म्हाताऱ्यांच्या खोलीला लागून संडास हवाच.

घर शोधतोय
मधेच विचारतो, हुडकेश्वरकडे डुप्लेक्स पाहून राहिलो, आई, आम्ही दोघं अन् दोन पोरं. खाली हॉल-किचन, बेडरूम सगळ्या वर. बिल्डर म्हणतो आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे, पण मंजूर नकाशा मागितला की पुढच्या आठवड्यावर ढकलते.

त्रिमूर्तीनगरची सून
आई रोज जिना चढणार का? खाली बेडरूम निघत नसेल तर सोडून द्या.

कोर्टातला माणूस
आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाला, बांधकाम मंजूर झालं असं नाही. नकाशा हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका, अन् वरचा माळा त्यात दाखवला आहे का ते पाहा.