विद्यापीठस्तरीय सांघिक प्रोग्रामिंग स्पर्धा: नियमपत्रकात नक्की काय लिहावं?

विभाग_समन्वयक:
नमस्कार मंडळी. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी सांघिक स्पर्धा घेतोय. ४० संघ, शेजारशेजारच्या दोन लॅब, ५ तास, १० प्रश्न. साचा आयसीपीसीचाच (कॉलेज संघांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धा): तिघांचा संघ आणि तिघांत एक संगणक. डॉमजज (उत्तरं आपोआप तपासून स्कोअरबोर्ड मांडणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करून झालंय. नियमपत्रक लिहायला बसलो आणि चार ठिकाणी अडलो. कम्पाइल एररला, म्हणजे कोड कम्पाइलच झाला नाही तर, दंड लावायचा का? गुण आणि वेळ दोन्ही सारखे आले तर वर कोण? छापील नोट्स किती आणू द्यायच्या? मध्येच वीज गेली तर काय? शिवाय शेवटचा तास स्कोअरबोर्ड गोठवायचा, म्हणजे नवे निकाल त्यावर दाखवायचे नाहीत म्हणतात, मग प्रश्न सुटला की संघाला देतात ते फुगे त्या तासात वाटायचे की नाही?

पेनल्टी_वीस:
सर, आधी गुणांकन. सुटलेले प्रश्न जास्त तो संघ वर. तिथे बरोबरी झाली तर एकूण वेळ कमी तो वर. वेळ म्हणजे सुटलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी स्पर्धा सुरू झाल्यापासूनची मिनिटं, अधिक त्या प्रश्नावरच्या आधीच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनला (तपासायला पाठवलेल्या उत्तराला) २० मिनिटं. न सुटलेल्या प्रश्नावर दहा वेळा आपटलं तरी दंड शून्य. हे वाक्य नियमपत्रकात ठळक छापा, स्पर्धा संपल्यावर सगळ्यात जास्त वाद यावरच होतात.

सोबत एक उदाहरणही छापा. 'अ' संघाचे ५ प्रश्न १७, ४८, ९५, १६० आणि २३१ व्या मिनिटाला सुटले. बेरीज ५५१. तिसऱ्या प्रश्नावर आधी २ चुका, म्हणून ४० जास्त: ५९१. सहाव्या प्रश्नावर ३ चुका आहेत, पण तो सुटलाच नाही, म्हणून त्या धरायच्या नाहीत. 'ब' संघाचे ५ प्रश्न २२, ५१, ८८, १९० आणि २४० ला, एकही चूक नाही. बेरीज तीही ५९१. आता ज्याचं शेवटचं बरोबर उत्तर आधी आलं तो वर, म्हणजे २३१ वाला 'अ'. तिथेही बरोबरी झाली तर दोघांना एकच क्रमांक द्या, चिठ्ठ्या टाकत बसू नका.

कम्पाइल एररला दंड नको. डॉमजजच्या सेटिंगमध्ये तो बंद आहे ना ते बघून घ्या. पण तुमच्या मशीनवरची कम्पायलरची आवृत्ती आणि आज्ञा आधी जाहीर करा, नाहीतर घरी चालणारा कोड इथे का चालत नाही म्हणून रांग लागते.

नोट्स: आयसीपीसीच्या जागतिक फेरीत २५ पानांपर्यंत मुभा असते, एकाच बाजूला छापलेली, पानांवर क्रमांक, आणि अर्ध्या मीटरवरून वाचता येईल असा टाइप. तेच घ्या. शेवटची अट उगाच नाही. ती नसेल तर मुलं मुंगीएवढ्या अक्षरात अख्खं पुस्तक २५ पानांत बसवून आणतात.

टेस्टकेस_तपासनीस:
दंडाचे नियम कुठेही तयार मिळतील. स्पर्धा मोडते ती टेस्ट डेटावर (उत्तरं तपासायला वापरायचे इनपुट आणि त्यांची बरोबर उत्तरं), म्हणून थोडं त्याबद्दल.

प्रत्येक प्रश्नाची किमान दोन उत्तरं दोन वेगळ्या माणसांनी, शक्यतो वेगळ्या भाषांत लिहिलेली हवीत. एक सी प्लस प्लस, एक जावा किंवा पायथन. बरोबर उत्तरांतल्या सगळ्यात सावकाश प्रोग्रामला लागलेल्या वेळेच्या साधारण दुप्पट टाइम लिमिट ठेवा, आणि ते स्पर्धेच्या दिवशी वापरायच्या जजहोस्टवरच (संघांचे प्रोग्राम चालवून तपासणारं मशीन) मोजा. स्वतःच्या लॅपटॉपवर मोजलेलं लिमिट सर्व्हरवर दगा देतं.

त्याचबरोबर मुद्दाम चुकीची उत्तरंही लिहा. समजा प्रश्नात २ लाखांपर्यंत संख्या येतात. प्रत्येक जोडी तपासणारा प्रोग्राम सुमारे २,००० कोटी जोड्या बघेल, तो लिमिटात अडकलाच पाहिजे. प्रत्येक संख्या १०० कोटींपर्यंत असेल तर बेरीज साध्या इंटमध्ये (३२ बिटांच्या पूर्णांकात) मावत नाही, तिथे २१४ कोटींच्या पुढे ओव्हरफ्लो होतो. असा इंट वापरणारा प्रोग्राम पास झाला तर तुमच्या डेटात मोठ्या संख्याच नाहीत, हे ओळखा.

सगळ्यात फसवी चूक: डेटा विंडोजवर तयार केला की प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न येतो. संख्या वाचणाऱ्यांना काहीच कळत नाही, पण आख्खी ओळ स्ट्रिंगमध्ये वाचणाऱ्या संघाला एक अदृश्य अक्षर जास्त मिळतं आणि 'राँग आन्सर' येतं. ती पोरं तास-तास स्वतःचं लॉजिक तपासत बसतात. सगळ्या फाइली युनिक्सच्या धाटणीत बदलून घ्या आणि प्रत्येक प्रश्नाला छोटा इनपुट व्हॅलिडेटर लिहा: ओळीच्या शेवटी स्पेस नाही ना, आणि प्रश्नात लिहिलेल्या मर्यादा डेटा पाळतो ना, एवढंच तो बघेल.

एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं शक्य असतील तर नेहमीची फाइलतुलना चालत नाही, उत्तर चालण्यासारखं आहे का ते बघणारा वेगळा प्रोग्राम, म्हणजे चेकर लागतो. दशांश उत्तर असेल तर किती फरक चालेल ते प्रश्नातच छापा.

लॅब_क्रमांक_चार:
विजेचं आणि नेटचं मी सांगतो.

सर्व्हर, जजहोस्ट आणि नेटवर्क स्विच, तिन्ही यूपीएसवर हवेत. स्विच विसरतात, मग पीसी चालू पण सबमिशन बंद. पीसीच्या यूपीएसवर भरवसा ठेवू नका. जुन्या लॅबमधल्या बॅटऱ्या अनेकदा पाच मिनिटंही तग धरत नाहीत. आदल्या दिवशी मेन बंद करून बघा. एडिटरमध्ये ऑटोसेव्ह चालू करून द्या.

नियम असा लिहा: एका संघाचं मशीन बंद पडलं तर राखीव मशीन मिळेल, जादा वेळ नाही. म्हणून दर २० संघांमागे एक तरी राखीव मशीन तयार ठेवा. अख्खी लॅब बंद पडली तर स्पर्धा सगळ्यांसाठीच थांबते आणि तेवढीच वेळ सगळ्यांना वाढवून मिळते. डॉमजजमध्ये स्पर्धेच्या वेळेतून मधला काळ वगळायची सोय आहे, ती आधी सरावात वापरून बघा.

नेट: संघांच्या मशीनवरून फक्त डॉमजजचा पत्ता उघडेल एवढंच फायरवॉलमध्ये ठेवा. सी प्लस प्लस, जावा, पायथनची अधिकृत कागदपत्रं प्रत्येक मशीनवर ऑफलाइन टाका. मोबाइल, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह दाराबाहेर. एआयबद्दल स्वतंत्र कलम हवंच: एडिटरमधली कोड सुचवणारी एक्स्टेन्शन काढा आणि सगळ्या मशीनवर एकच इमेज (आधी तयार केलेली अख्ख्या सिस्टिमची प्रत) टाका, म्हणजे कोणी आधी येऊन काही पेरून ठेवायला नको.

पेनल्टी_वीस:
फुग्यांचं राहिलंच. शेवटच्या तासात फुगे वाटले तर गोठवलेल्या बोर्डाला अर्थ उरत नाही, मुलं मान वर करून फुगे मोजतात. २४० व्या मिनिटाला वाटप थांबवा. ज्या संघाकडे तोवर एकही फुगा नाही त्यांचा पहिला मात्र शेवटच्या मिनिटालाही द्या. त्याने निकालाचं काही उघड होत नाही आणि ते तिघं फोटो तरी काढतात.

विभाग_समन्वयक:
फार उपयोगी. एक राहिलं: स्पर्धा चालू असताना आमच्याच डेटात चूक सापडली तर?

टेस्टकेस_तपासनीस:
डेटा दुरुस्त करा आणि त्या प्रश्नाची सगळ्या संघांची सगळी सबमिशन पुन्हा तपासा, फक्त तक्रार करणाऱ्याची नाही. डॉमजज बदल लागू करण्याआधी कोणाचा निकाल कसा बदलेल ते दाखवतं, ते नीट वाचा. मग सगळ्यांना एकाच वेळी क्लॅरिफिकेशनमधून (डॉमजजमधल्या सूचनांतून) कळवा. चूक ठरलेलं बरोबर झालं तर संघाला मूळ सबमिशनची वेळ मिळते.

पेनल्टी_वीस:
आणि उलट झालं, आधी बरोबर ठरलेलं नव्या डेटावर चुकलं तर? माझ्या मते ते काढून घेऊ नये. संघाने हिरवा निकाल बघून तो प्रश्न सोडून दिलेला असतो.

टेस्टकेस_तपासनीस:
पहिल्या तासात सापडलं तर मी काढून घेईन, दुरुस्त करायला चार तास आहेत. त्यानंतर नाही. कुठलाही पक्ष घ्या सर, पण तो स्पर्धेच्या आधी पत्रकात छापलेला असू द्या. आणि हा निर्णय कोण देणार, त्या एकाच मुख्य परीक्षकाचं नावही.