मदत हवी आहे: सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी फ्लशला वापरतो, अहवाल नापास आला, कन्सेंट नूतनीकरण तोंडावर

चौथा_मजला
पुणे मनपा हद्दीतली सोसायटी, १३२ सदनिका. ९० केएलडीचा (दिवसाला ९० हजार लिटर) एमबीबीआर एसटीपी, म्हणजे हवा दिलेल्या टाकीत तरंगत्या प्लास्टिक तुकड्यांवर जिवाणू वाढवणारा, पुढे सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, आणि गच्चीवर फ्लशची वेगळी टाकी. एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट टु ऑपरेट, म्हणजे चालवण्याची परवानगी, संपायला तीन महिने उरलेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा ताजा अहवाल असा: पीएच ७.४, बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे सेंद्रिय घाणीचं माप) २४, सीओडी (तेच माप रासायनिक पद्धतीने) ९६, टीएसएस (तरंगते घन कण) ३८, अमोनिया नायट्रोजन २२ (पीएच सोडून सगळं मिग्रॅ/लिटर), फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) ११०० प्रति १०० मिलि, शिल्लक क्लोरीन शून्य.

फ्लशचं पाणी पिवळट आहे, सकाळच्या पहिल्या फ्लशला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, कमोडला तपकिरी कड धरते. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) रोज ५ लिटर जातंय, तरी ही अवस्था. देखभालीचा ठेकेदार म्हणतो यूएफ मेंब्रेन (अतिसूक्ष्म गाळणीचा पडदा) बसवा.

विचारायचं असं: निकष कोणते धरायचे, केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेचे की राष्ट्रीय हरित लवादाचे? कन्सेंटमधली ६० टक्के पुनर्वापराची अट आमच्याकडे पूर्ण होईल का? आणि यूएफ खरंच लागेल का? काही सभासद तर म्हणतात की फ्लशला हे पाणी बंदच करा.

नितळ
२०१७ की लवाद, यात अडकू नका. तुमच्या कन्सेंटच्या परिशिष्टात जो तक्ता छापला आहे, तोच तुम्हाला लागू.

पार्श्वभूमी म्हणून सांगतो. १३ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २०, टीएसएस ५० आणि फीकल कॉलिफॉर्म १००० च्या आत असं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ते कडक केलं: बीओडी १०, सीओडी ५०, टीएसएस २०, एकूण नायट्रोजन १०, फीकल कॉलिफॉर्म शक्यतो १०० आणि फार तर २३०. गृहप्रकल्पांच्या कन्सेंटमध्ये बहुधा बीओडी १० च लिहिलेला असतो. तुमचा अहवाल तर २०१७ च्या हिशोबानेही बीओडी आणि कॉलिफॉर्म, दोन्हींत नापास आहे.

पण हे सगळे आकडे पाणी बाहेर सोडण्यासाठीचे. घरातल्या फ्लशसाठी सीपीएचईईओच्या (केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या) २०१३ च्या मॅन्युअलचा तक्ता बघा: गढूळपणा २ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत, बीओडी १०, फीकल कॉलिफॉर्म शून्य, शिल्लक क्लोरीन किमान १ मिग्रॅ. मॅन्युअल हे मार्गदर्शन आहे, कन्सेंटसारखं बंधन नाही. तरी संडासात लहान मुलंही जातात, म्हणून मी हाच तक्ता धरायला सांगेन.

आणि फ्लश बंद केला तर पुनर्वापराची अट सरळ मोडते. तो मार्ग नाही.

विहीर
यूएफचा विषय सध्या बाजूला ठेवा. टीएसएस ३८ चं पाणी मेंब्रेनवर सोडलंत तर ती बघता बघता चोंदेल, आणि अमोनिया विरघळलेला असल्यामुळे तो मेंब्रेनमधून आरपार जाईल. खरा आजार अमोनिया २२ हा आहे.

तीन गोष्टी सांगा:
– ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) रात्री बंद ठेवता का?
– हायपोचा डोसिंग पंप नेमका कुठे टाकतो, फिल्टरच्या आधी की नंतर?
– ट्यूब सेटलरचा (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचा) गाळ शेवटचा कधी काढला?

चौथा_मजला
ब्लोअर रात्री ११ ते पहाटे ५ बंद, वीजबिलासाठी. हायपो फिल्टर फीड टाकीत पडतं, म्हणजे दोन्ही फिल्टरच्या आधी. फिल्टर प्रेस (गाळ पिळून कोरडा करणारं यंत्र) चार महिने बंद, कापड फाटलंय.

विहीर
मग उत्तर इथेच आहे.

अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू हळू वाढतात आणि त्यांना सतत हवा लागते. १ मिग्रॅ अमोनिया नायट्रोजनला साधारण ४.६ मिग्रॅ ऑक्सिजन. रोज सहा तास हवा तोडली की ते टिकत नाहीत, टाकीत सल्फाइड तयार होतं, आणि तोच वास सकाळच्या पहिल्या फ्लशला येतो. ब्लोअर २४ तास चालवा. वीज वाचवायची तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून रात्री वेग कमी करा, पण एरेशन टाकीत डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) २ मिग्रॅच्या खाली जाऊ देऊ नका. नायट्रिफिकेशनसाठी, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होण्यासाठी, ३ च्या आसपास असलेला बरा.

सोबत पीएच पाहत राहा. १ मिग्रॅ अमोनियाला ७ मिग्रॅ अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) खर्च होते, म्हणजे २० मिग्रॅ उतरवायला १४०. पीएच ६.८ च्या खाली घसरला तर सोडा अ‍ॅश थोडा थोडा द्या.

आता हायपो. कार्बन फिल्टर क्लोरीन खातो, पाण्यातून क्लोरीन काढायला तोच वापरतात. तुमचं पाच लिटर रोज कार्बनमध्येच संपतंय. डोसिंगची नळी कार्बन फिल्टरच्या नंतर, ट्रीटेड टाकीच्या इनलेटवर आणा. ३० मिनिटांचा संपर्क तिथे आपोआप मिळतो. हिशोब: रोज फ्लश आणि बागेला मिळून साधारण ३८ हजार लिटर धरा, त्याला लिटरमागे ५ मिग्रॅप्रमाणे १९० ग्रॅम क्लोरीन. १० टक्के हायपोच्या एका लिटरात साधारण १०० ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे २ लिटर पुरतील. पण अमोनिया २२ असताना मोकळं (अमोनियाशी न जोडलेलं) क्लोरीन टिकणारच नाही. त्याला अमोनियाच्या आठ-दहा पट क्लोरीन लागेल, म्हणजे २०० मिग्रॅच्या घरात, जे परवडणारं नाही. म्हणून आधी हवा, मग क्लोरीन. हायपोचे कॅन उन्हात ठेवू नका, पंधरा दिवसांपुरताच साठा करा. उन्हाळ्यात त्याची ताकद भराभर उतरते.

क्लोरीनची तपासणी गच्चीच्या टाकीवर नको, टाकीपासून सर्वांत लांबच्या फ्लॅटच्या फ्लशमध्ये करा. क्लोरोटेक्स (रंगावरून क्लोरीन दाखवणारं द्रावण) चालेल, पण त्यात मोकळं आणि जोडलेलं क्लोरीन एकत्र दिसतं. डीपीडी १ नंबरची (क्लोरीन तपासायची) गोळी मोकळं तेवढं दाखवते.

गाळ: प्रेसचं कापड बदला आणि सेटलरचा तळ रोज सोडा. साठलेला गाळ वर उसळून सँड फिल्टरवर येतो, तेच तुमचं टीएसएस ३८. फिल्टरच्या दोन गेजमधला दाबाचा फरक ०.५ किलोवर (प्रति चौ.सेमी) गेला की बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं), आणि ते पाणी पावसाळी गटारात न सोडता कलेक्शन टाकीत परत घ्या.

जिवाणू सावरायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी नमुना देऊन पैसे घालवू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यात द्या. कन्सेंटमध्ये एकूण नायट्रोजन १० लिहिलं असेल तर मात्र एवढ्याने भागणार नाही, कारण नायट्रेट पाण्यात राहतं. मग अ‍ॅनॉक्झिक (हवा न दिलेली) टाकी आणि पाणी तिच्यात परत फिरवायची सोय लागेल. ते पान आत्ताच उघडून बघा.

हिशोबवही
६० टक्क्यांचं गणित कागदावर मांडा. १३२ घरं × ५ माणसं = ६६०. माणशी ९० लिटर घरगुती आणि ४५ लिटर फ्लश धरा. फ्लशची गरज ३० केएलडी. सांडपाणी: घरगुतीच्या ८५ टक्के म्हणजे ५०, अधिक फ्लशचे ३०, एकूण ८०. त्याचे ६० टक्के ४८. बाग १५०० चौ.मी. असेल तर ५ लिटरप्रमाणे ७.५. बेरीज ३७.५. म्हणजे दहाएक केएलडी कमी पडतात, आणि पावसाळ्यात बाग शून्य धरायची.

उरलेलं पार्किंग धुण्याला, आणि जवळच्या बांधकामाला टँकरने द्या, प्रत्येक फेरीची पावती ठेवून. तरीही अट पुरी होत नसेल तर हेच गणित अर्जाला जोडून अटीत बदल मागा. खोटे मीटर वाचन लिहू नका. फ्लोमीटरचं वाचन आणि एसटीपीच्या स्वतंत्र वीजमीटरची युनिटं एकमेकांशी जुळत नसली की तपासणीत ते लगेच कळतं.

कन्सेंट अजून बिल्डरच्या नावावर असेल तर आधी सोसायटीच्या नावावर करून घ्या. पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म ५, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी असेल तर सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला.

नितळ
एक राहिलं, आणि हे सगळ्यांत गंभीर आहे. ज्या घरांत बाथरूम नव्याने केलंय तिथला जेट स्प्रे तपासा. प्लंबर फ्लशच्या लाइनवर टी मारून जेट जोडून देतात, कारण तीच नळी हाताशी असते. तपासायची रीत: ताज्या पाण्याचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, प्रत्येक घरातले नळ आणि जेट पाणी थांबेपर्यंत चालू ठेवा. ज्यातून पाणी येतच राहतं, ते कनेक्शन चुकीचं. एक विंग एका दुपारी उरकते.

फ्लशच्या टाकीत मनपाचं पाणी भरायची सोय असेल तर ती नळी ओव्हरफ्लोच्या वर वीतभर अंतर ठेवून पडती हवी. फक्त व्हॉल्व्हने जोडलेली असेल तर आजच तोडा.

चौथा_मजला
ब्लोअरचा टायमर काढला, डोसिंगची नळी उद्या हलवतोय. परिशिष्टात बीओडी १० आहे, नायट्रोजनचा उल्लेख नाही. नमुना घेताना काय सांभाळायचं?

विहीर
कॉलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, आत सोडियम थायोसल्फेट आहे ना ते विचारून. नाहीतर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. बाटली आतून विसळू नका. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बीओडी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांचा करतात, म्हणून नमुना सोमवारी किंवा मंगळवारी द्या. गुरुवारी दिला तर वाचनाचा दिवस रविवारी येतो.