प्रति: मिलान तह पाळत नाही

संगणक चालवत असलेलं मिलानचं राज्य दोन टर्नमध्ये (खेळींत) तह मोडतं, ही तुमची तक्रार ‘मिडिव्हल २: टोटल वॉर’ (२००६) हा मध्ययुगीन युद्धाचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या बहुतेकांचीच आहे. पण तुमचा वकील (म्हणजे गेममधला दूत) रिकाम्या हाताने बोलणी करायला जातोय. नुसता युद्धविराम मागू नका, सोबत थोडे फ्लोरिन (गेममधलं चलन) किंवा नकाशाची माहिती द्या. मी तर एकरकमी न देता दर टर्नला हप्ता बांधतो.

कैद्यांची सरसकट कत्तल करत असाल तर पत घसरते, मग तुमच्या शब्दाला कोण विचारतो? दोघंही कॅथलिक असाल तर पोपची मर्जी राखा. हल्ला करणाऱ्याला तो लढाई थांबवायला बजावतो, नाही ऐकलं तर धर्मबहिष्कृत करतो. आणि सीमेवरचं शहर मोकळं ठेवू नका हो; रिकामी तटबंदी दिसली की एआयला (संगणक-प्रतिस्पर्ध्याला) राहवत नाही, तह असो वा नसो.